आमची वाटचाल: सोन्याचे कण आणि डीएनएची जुळणी

आमचं युनिट नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत. सुरुवातीला आम्ही कॉलेजांच्या लॅबना काचसामान आणि केमिकल्स सप्लाय करायचो, पण मला स्वतः काहीतरी बनवून विकायचं होतं, आणि ते सापडलं सोन्याच्या नॅनोकणांत, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक कणांत. गोल्ड क्लोराइडचं पाणी उकळायचं, सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) टाकायचं, की थोड्या वेळात बीकर लालभडक. इतवारीच्या एका सराफाला बाटली दाखवली तर तो मानायलाच तयार नाही की यात सोनं आहे!

डीएनए नंतर आला. १९९६ मध्ये अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ चॅड मर्किन आणि पॉल अलिविसाटोस यांच्या टीम्सनी, वेगवेगळं काम करत, दाखवलं की डीएनएचे तुकडे लावले तर कण आपोआप जुळवता येतात. तुकड्याच्या टोकाला थायॉल असतं, म्हणजे गंधक, ते सोन्याला घट्ट धरतं, आणि पुढे डीएनएच्या चार अक्षरांची जोडी, ए ला टी, जी ला सी, एवढाच हिशोब. आम्ही विकतो त्या किटमध्ये दोन बाटल्या डीएनए लावलेल्या लाल कणांच्या आणि एक छोटी ट्यूब जोडधाग्याची, म्हणजे दोन्हीकडच्या कणांना जोडणाऱ्या डीएनएची. तिन्ही एकत्र केलं की कण जवळ येतात आणि लाल रंग जांभळा होत जातो, गरम केलं की धागे सुटतात आणि परत लाल. पोरं हे पुन्हा पुन्हा करून बघतात, मला त्याचाच जास्त आनंद आहे.

कणांवर डीएनए बसवताना खरी मेहनत मिठाची आहे. डीएनए निगेटिव्ह चार्जचा, एकमेकांना ढकलतो, मीठ नसेल तर कणावर दाटीनं बसतच नाही, आणि मीठ एकदम टाकलं तर सोन्याचे गोळे होऊन बॅच निळाकाळा, तो परत येत नाही, म्हणून थोडं थोडं टाकत एक-दोन दिवस जातात. काचेचं भांडं अ‍ॅक्वा रेजियानं (सोनंही विरघळवणारं जहाल आम्लमिश्रण) धुतल्याशिवाय आमच्याकडे कोणी हातात घेत नाही.

मे महिन्यात इथला पारा ४५ वर, कुरियरच्या गाडीत तर विचारूच नका, म्हणून उन्हाळ्यात जेल पॅक टाकूनच पाठवतो आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहितो, फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, कारण साधे, डीएनए न लावलेले कण गोठले की गोळा होतात.

आता काही प्राध्यापक क्रिस्टलचं, म्हणजे कण शिस्तीत रचून केलेल्या स्फटिकाचं, विचारतात. २००८ मध्ये तेही जमलंय, डीएनए बदलला की कणांची रचना बदलते. पण रचना तपासायला एक्स-रे लागतो, तो आमच्याकडे नाही, आणि न तपासलेला माल आम्ही विकणार नाही.