रिपोर्टमध्ये 0.3, दाण्यात भलतंच

प्लांटवरून फोन आला तोच तक्रारीच्या सुरात. "मॅडम, प्लॅटिनम 0.3 टक्के भरतंय, आयसीपी पुन्हा करून घेतलंय. माल का अडवलाय?"

आयसीपी म्हणजे नमुन्यात कुठलं मूलद्रव्य किती ते मोजणारी चाचणी. रिपोर्ट खराच होता. पण टेस्ट रिअॅक्टरमध्ये हा मॉर्डेनाइट या आम्लधर्मी, सच्छिद्र झिओलाइट खनिजावरचा प्लॅटिनम कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) हेक्सेनचं आयसोमरायझेशन, म्हणजे त्याच अणूंची नवी मांडणी, सोडून त्याचे तुकडे पाडत होता. प्रोपेन नको तेवढा, कोकही, म्हणजे काजळीचा थर, लवकर. त्याच रेसिपीचा लॅबमधला नमुना मात्र गुणी.

आयसीपीला नमुना दळून विरघळवावा लागतो. दळला की प्लॅटिनम दाण्यात कुठे होतं ते गेलंच, हाती सरासरी उरते. मी हायड्रोजनमध्ये रिड्यूस केलेले, म्हणजे प्लॅटिनम धातुरूपात येऊन काळपट दिसेल असे, दीड मिलिमीटर जाडीचे एक्स्ट्रुडेट (साच्यातून दाबून काढलेले दाणे) ब्लेडने आडवे कापून भिंगाखाली धरले. बाहेरून काळपट कडं, आत खडूसारखा पांढरा गाभा. ईडीएक्सची (जागोजागचं मूलद्रव्य मोजणाऱ्या उपकरणाची) रेषा कडेपासून मध्यापर्यंत नेली, तर प्लॅटिनमचा आलेख कडेला उंच आणि पुढे जवळपास शून्य. लॅबच्या दाण्याचा काप सगळीकडे सारखाच करडा.

गाभ्यात आम्ल आहे, धातू नाही. तिथे शिरलेला रेणू तुटणारच. आम्लाची आणि धातूची, दोन्ही जागा जवळ हव्यात हे उत्प्रेरकांचे संशोधक पॉल वाइझ यांनी 1962 मध्येच मांडलंय. अगदी खेटूनच हव्यात असंही नाही म्हणा. 2015 मध्ये उट्रेख्तच्या संशोधकांनी दाखवलं, की मोठ्या रेणूंसाठी प्लॅटिनम शेजारच्या अॅल्युमिना बाइंडरवर (दाणा बांधून ठेवणाऱ्या पदार्थावर) असलेलं बरं. पण तो हिशेब नॅनोमीटरचा. इथे अंतर अर्ध्या मिलिमीटरचं!

वाळवताना प्लॅटिनम कडेला ओढलं गेलं असणार, म्हणून सगळ्यांनी आधी ड्रायरवर बोट ठेवलं. मला ते पटेना. प्लॅटिनम द्रावणातून ज्या रूपात घालतात तो टेट्राअमाइन प्लॅटिनमचा धन आयन झिओलाइटच्या ऋण सांगाड्याला एकदा धरला की नुसत्या वाळवण्याने फारसा हलत नाही. पहिली जागा मिळाली तिथेच तो ठाण मांडतो. त्याला आत सरकवायला जागेसाठी भांडणारा दुसरा आयन लागतो, म्हणून अमोनियम नायट्रेट, आणि द्रावण फिरवत ठेवायला पुरेसा वेळ. बॅचशीट मागवली. नायट्रेट होतं, पण प्लॅटिनम घालून झाल्यावर टाकलेलं, आणि फिरवण्याचा वेळही आखडलेला. द्रावण बिनरंगी, दाणे पांढरे. तेव्हा कुणाला दिसणार काय?

प्लांटचे साहेब स्वतः येऊन भिंगातून बघून गेले. "हे आधीच कापून बघायचं ना, मॅडम," म्हणाले. बॅच प्लॅटिनम रिकव्हरीला गेली. पुढच्या शीटमध्ये नायट्रेट वरच्या ओळीत आलं आणि क्यूसीच्या यादीत दाणे कापून बघणं. ब्लेडची मागणी मात्र अजून स्टोअरमध्ये अडकली आहे.