तुम्ही विचारलंत म्हणून : कुठली मुलं जास्त वांड?

आधी नेरूळच्या एका खासगी इंग्रजी शाळेत आणि आता दिघ्याकडे महापालिकेच्या शाळेत शिकवते, म्हणून नव्या शिक्षकांचा मला ठरलेला प्रश्न असतो : "मॅडम, कुठली मुलं जास्त वांड? आणि वर्ग सांभाळता कसा?"

मुलांत मला तरी फरक दिसला नाही. सहावीतला मुलगा कुठल्याही शाळेत पुढच्याच्या दप्तराचा बंद बाकाला बांधून ठेवतो. फरक पडतो तो आम्हा शिक्षकांच्या वागण्यात. समोरचे पालक जाब विचारतील की नाही, यावर आवाज किती चढतो आणि हात उठतो का, हे ठरतं. दोन्ही स्टाफरूममध्ये बसून मी हे पाहिलंय आणि मला त्याची चीड येते.

दिघ्यात बरेच पालक एमआयडीसीत कंत्राटी कामाला, काही रोज नाक्यावर उभे राहणारे. बोलावलं की बाप हात जोडूनच आत येतो. "बाई, खुशाल मारा, पण सरळ करा." एवढी मोकळीक मिळाल्यावर पट्टी उचलणं फार सोपं. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी आहे, तीही १ एप्रिल २०१० पासून. बापाच्या परवानगीनं ती उठत नाही. मी म्हणते, मारणार नाही. हा रोज उशिरा का येतो तेवढं सांगा. मग कळतं, पहाटे पाणी भरायचं काम त्याचं, धाकटीला अंगणवाडीत सोडायचंही त्याचंच. अशा मुलाला वर्गाबाहेर उभं करून काय मिळवायचं? आल्यावर गुपचूप बसायचं आणि चुकलेलं मधल्या सुट्टीपर्यंत उतरवून काढायचं, असं आमचं ठरलं. उशीर अजून होतोच. दंगा मात्र थांबला.

खासगी शाळेत पट्टी नव्हती, कारण संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोभाटा झाला असता. वजनदार घरच्या मुलानं कुणाला ढकललं तर डायरीत शेरा मारायचा, समुपदेशकांकडे पाठवायचं, संपलं. त्याच्याशी बसून बोलायचं कुणीच नाही. तिखट जिभेचा मारा व्हायचा तो शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) दुर्बल आणि वंचित घरच्या मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांवर. "हे आरटीईवाले, यांच्या घरी वळणच नाही," हे वाक्य मी त्या मुलांच्या देखत ऐकलंय. पट्टीचा वळ दोन दिवसांत जातो. हे वाक्य आठवीपर्यंत त्या मुलाच्या मागे फिरतं, आणि त्याच्या आईला ग्रुपवर लिहायची हिंमत नसते. कायदा ज्याला मानसिक छळ म्हणतो, तो माझ्या लेखी हाच.

आता वर्ग सांभाळण्याचं. मी दारात उभी राहते आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारते. कोण रडून आलंय, कोण उपाशी आलंय, ते तिथेच दिसतं. रागवायचं असेल तर एकट्याला, व्हरांड्यात, हळू आवाजात. चारचौघांत अपमान झाला की मुलाला उलट उत्तर देण्यावाचून वाटच उरत नाही. आणि सकाळी जे सांगितलं ते दुपारी बदलायचं नाही, आवडत्या मुलासाठीसुद्धा नाही. सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे ३५ मुलं असावीत असं कायदा म्हणतो, पण निवडणुकीच्या कामाला निम्मे शिक्षक गेले की दोन तुकड्या एकत्र बसतात. त्या दिवसांत हे सगळं कठीण जातं. तेव्हा धडा बाजूला ठेवून गटानं वाचन घेते.

पालकही हाच प्रश्न विचारतात, तेव्हा मी त्यांना शाळा व्यवस्थापन समितीबद्दल सांगते. महापालिकेच्या शाळेत तिचे ७५ टक्के सदस्य पालक असतात, आणि समितीत निम्म्या बायका असायला हव्यात. सहीपुरतं येऊ नका, विचारा. गेल्या सभेत एका आईनं सगळ्यांसमोर विचारलं, "माझ्या पोराला दोन तास उभं का ठेवलं होतं?" मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागलं. पुढच्या सभेला ती शेजारणीलाही घेऊन येणार आहे.