पुन्हा लग्न केलंय का, आजी?

नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडं हयातीच्या दाखल्यांचा महिना. माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांची पेन्शनची कामं बघतो मी, साताऱ्याकडं. भांगलून भांगलून बोटांच्या रेषाच गेलेल्या बायकांचे ठसे मशीन घेतच नाही, मग मोबाईलवर चेहरा स्कॅन करायचा, उजेडाकडं तोंड करा, डोळे मिटा, उघडा, आणि हे ॲप ज्याने बनवलं त्याने मोतीबिंदूवाली म्हातारी कधी बघितलेली नसणार.

फॅमिली पेन्शन असेल तर पुनर्विवाह झालाय का हा प्रश्न येतोच. जुनी माणसं न विचारता 'नाही' दाबतात. यंदा आलेल्या नवीन पोराने मात्र सगळ्यांसमोर विचारलं, आजी, पुन्हा लग्न केलंय का?

आजी हसल्या. "आदी ह्येंचं काय झालं त्ये सांगा, मग बघू."

गळ्यात मंगळसूत्र होतं. नवरा १९७१ च्या लढाईत पश्चिम आघाडीवर बेपत्ता. आधी 'मिसिंग' म्हणून तार, नंतर मारले गेले असं मानून पेन्शन सुरू. बॉडी नाही, सामान नाही. आपण त्यांचे ९३ हजार कैदी सोडले, तिकडून आपलेही आले, त्यात हे नव्हते.

सोबत नातू होता, त्याने मोबाईलवर ५४ जणांची यादी काढली, बेपत्ता झालेले पण पाकिस्तानच्या जेलमध्ये असावेत असं मानलेले आपले फौजी. तीच, १९७९ ला लोकसभेत ४० नावं मांडली आणि पुढं ५४ झाली ती, फ्लाईट लेफ्टनंट विजय तांबे वगैरे. अधिकारी आणि पायलट बरेच त्यात. या घरातलं नाव नाही. मी म्हटलं, २००७ मध्ये त्यातल्या काहींचे नातेवाईक पाकिस्तानच्या जेलमध्ये जाऊन बघून आले, कुणी सापडलं नाही. आणि तांब्यांच्या मिसेस बॅडमिंटनच्या नॅशनल चॅम्पियन, त्यांना जे जमलं नाही ते गावाकडच्या बाईने कुणाच्या दारात जाऊन करायचं होतं?

मग नातू हळूच म्हणाला, साहेब, यादीत नाव घालायचा अर्ज केला तर पेन्शन बंद होईल का?

पेन्शन चालू आहे ती माणूस गेला असं धरून आणि अर्ज करायचा तो असेल असं धरून. होणार नाही, असं मी ठोकून दिलं, पण नियम काही मी वाचलेला नव्हता, आणि तेव्हापासून डोक्यातनं जात नाही.

शेवटी रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाइप केलं, कशाच्या आधारावर मृत मानलं ते कागद द्या म्हणून. नातू सही करायला पुढं झाला तर आजींनी पेन काढून घेतलं.