टेम्प्सफर्ड आणि टँगमीर: चांदण्यात उडणाऱ्या स्क्वाड्रनच्या मागावर दोन दिवस

इंग्लंडमधल्या टेम्प्सफर्डला जाऊन आलेले बरेच जण परतल्यावर म्हणतात, 'तिथे एक कोठार आहे, बाकी काही नाही.' खरं आहे. रॉयल एअर फोर्सच्या 138 आणि 161 क्रमांकाच्या स्क्वाड्रननी दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त युरोपात हेर, वायरलेस ऑपरेटर आणि शस्त्रं पोचवली. त्यांच्या या मुख्य तळावर आज शेतं, तुटक्या काँक्रीटच्या पट्ट्या आणि जिब्राल्टर फार्मचं कोठार एवढंच उरलंय. म्हणून जागा कोणत्या क्रमाने बघायच्या याला महत्त्व आहे. आधी त्यांचं लायसँडर विमान, मग कोठार, शेवटी त्यांचा दुसरा तळ टँगमीर. उलट गेलात तर कोठारात पाच मिनिटांत कंटाळाल.

सुरुवात लंडनमध्येच करा. गॉर्डन स्क्वेअरच्या बागेत ब्रिटिशांची हेर नूर इनायत खानचा अर्धपुतळा आहे, 2012 साली बसवलेला. बागेला लागूनच टॅव्हिटन स्ट्रीटवर, 4 क्रमांकाच्या घरावर 2020 पासून तिच्या नावाची निळी पाटी आहे. मराठी माणसाने इथे थोडं थांबावं. नूरचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होते आणि बडोद्याची गायनशाळा त्यांनीच सुरू केली. त्यांची पणती नूर 16-17 जून 1943 च्या रात्री लायसँडरमधून फ्रान्समध्ये उतरली. 13 सप्टेंबर 1944 ला डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली गेली. 1949 मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं.

नूर टेम्प्सफर्डहून गेली असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते चूक आहे. ती टँगमीरहून गेली. हा फरक कळला की दोन्ही स्क्वाड्रनचं निम्मं काम कळतं. वरून पॅराशूटने टाकायचं असेल तर चार इंजिनांचं हॅलिफॅक्स टेम्प्सफर्डहून निघे. शेतात उतरून माणूस सोडायचा आणि दुसरा उचलायचा असेल तर एका इंजिनाचं लायसँडर टँगमीरहून, कारण ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत आहे आणि तिथून फ्रान्सच्या आत पोचायला इंधन कमी लागतं. लायसँडरची तुकडी मूळ टेम्प्सफर्डची. चांदण्याचे दिवस आले की ती टँगमीरला मुक्कामाला जाई.

पहिला दिवस: ओल्ड वॉर्डन आणि टेम्प्सफर्ड

सेंट पॅन्क्रसहून पीटरबरोकडे जाणारी गाडी घ्या आणि बिगल्सवेडला उतरा. ओल्ड वॉर्डनचं शटलवर्थ कलेक्शन तिथून जवळ आहे, पण बसच्या भरवशावर राहू नका. टॅक्सी आधीच सांगून ठेवा, परतीचीसुद्धा. उड्डाणाचा कार्यक्रम असेल त्या दिवसाचं तिकीट वेगळं असतं. वारा जोरात असला तर जुनी विमानं उडत नाहीत. त्यामुळे 'लायसँडर उडताना बघायचंच' असा हट्ट असेल तर एखादी तारीख हाताशी राखून ठेवा. नुसतं जवळून बघायचं असेल तर साधा दिवस बरा, कारण गर्दी नसते.

इथलं लायसँडर 161 च्या रूपात रंगवलेलं आहे. त्याची तीन अंगं नीट बघा. पहिलं, डाव्या बाजूची पक्की बसवलेली शिडी. तिच्यामुळे उतरून परत उडेपर्यंतचा सगळा व्यवहार सुमारे तीन मिनिटांत उरके. त्याला ठरलेला क्रम होता: एक जण खाली उतरे, दुसरा वरूनच सामान देई, नवं सामान वर घेई, मग स्वतः उतरे आणि परतीचे प्रवासी चढत. दुसरं, पोटाखालची जादा टाकी: 150 गॅलन, म्हणजे सुमारे 680 लिटर. मागची बंदूक काढून तिच्या जागी प्रवासी बसवलेले. नियमाने दोन, तीन चालत, अडचणीत चारही कोंबलेले आहेत.

तिसरं, पंखाच्या पुढच्या कडेच्या फळ्या. या आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) वेग कमी होताच आपोआप उघडतात, वैमानिकाच्या हातात त्यांचा दांडा नाही. म्हणून हे धूड अगदी सावकाश, छोट्या शेतात उतरू शके. पण याच विमानाची एक खोड जीवघेणी होती. उतरताना शेपटीचा ट्रिम, म्हणजे नाक वर-खाली राखणारी जुळणी, पार मागे फिरवलेला असतो. उतरणं जमलं नाही म्हणून घाईने पूर्ण शक्ती दिली आणि ट्रिम परत फिरवायचा राहिला, तर नाक एकदम वर उसळतं, विमान वेग गमावतं आणि कोसळतं. तिथल्या स्वयंसेवकांना या ट्रिमच्या चाकाबद्दल जरूर विचारा.

दुपारनंतर टेम्प्सफर्ड. त्यासाठी सँडी स्टेशन, बिगल्सवेडच्या पुढचंच. तिथून टॅक्सीने एव्हर्टन गावात जा. एव्हर्टन उंचावर आहे आणि विमानतळ पायथ्याच्या सपाटीत, त्यामुळे वरून सगळा आवाका एका नजरेत येतो. टेम्प्सफर्ड गावाकडून आलात तर मध्ये मुख्य रेल्वेमार्गाचं फाटक लागतं. गाड्या वेगात आणि वारंवार जातात, फाटक बराच वेळ बंद राहू शकतं. जमीन खासगी शेतीची आहे. सार्वजनिक पायवाट सोडू नका, पिकात शिरू नका, कुत्रा असेल तर बांधून ठेवा. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर 208 नकाशा जवळ असू द्या. माती चिकट आहे, पावसानंतर घोट्यापर्यंतचे बूट हवेत. स्वच्छतागृह नाही, पाणी नाही, दुकान नाही.

जिब्राल्टर फार्मच्या कोठारात हेरांची शेवटची तयारी होई. खिसे उलटे करून झडती घेत: लंडनच्या बसचं तिकीट, इंग्लिश सिगारेट, काहीही चालत नसे. हवी असेल त्याला सायनाइडची गोळी मिळे. मग गाडी थेट विमानापर्यंत. आज आत पुष्पचक्रं, फोटो आणि पाट्या आहेत, बाहेर स्मृत्यर्थ लावलेली झाडं. पाट्या वाचायला अर्धा तास द्या. फ्रेंच, नॉर्वेजियन, चेक, पोलिश नावं भेटतील, कारण काम साऱ्या युरोपभर चाले.

एक दुरुस्ती इथेही. नाझी अधिकारी हायड्रिखला मारणारे चेकोस्लोव्हाक हेर गाब्चिक आणि कुबिश हे 138 च्याच हॅलिफॅक्समधून गेले, पण 28 डिसेंबर 1941 च्या रात्री आणि टेम्प्सफर्डहून नव्हे, टँगमीरहून. 138 स्क्वाड्रन टेम्प्सफर्डला आलं ते मार्च 1942 मध्ये, 161 त्यानंतर एप्रिलमध्ये.

परतीच्या वाटेवर टेम्प्सफर्ड गावातलं स्मारक बघा. व्याप्त देशांत गेलेल्या स्त्री-हेरांचं ते आहे, 2013 साली उभारलेलं. सेंट पीटर्स चर्चही तिथेच.

दुसरा दिवस: टँगमीर

लंडन व्हिक्टोरियाहून चिचेस्टर, तिथून बस किंवा टॅक्सीने साधारण पाच किलोमीटर. संग्रहालय हिवाळ्यात काही काळ बंद असतं, निघण्यापूर्वी वेळा तपासा. आत बहुतेक पाहुणे वेगाचे विक्रम केलेल्या मीटियर आणि हंटर या जेट विमानांपाशीच रेंगाळतात. तुम्ही आधी 161 कडे वळा. वैमानिक आणि हेर जिथे एकत्र जेवत, ते टँगमीर कॉटेज जुन्या मुख्य फाटकासमोर होतं. आता ते खासगी घर आहे. रस्त्यावरूनच बघायचं, फाटकाशी घुटमळायचं नाही.

निघण्याआधी पंचांग बघून तारीख ठरवता आली तर उत्तम. उड्डाणं पौर्णिमेच्या मागेपुढे आठवडाभर, म्हणजे साधारण शुद्ध अष्टमी ते वद्य अष्टमी एवढ्याच काळात होत. लायसँडरमध्ये नेव्हिगेटर नसे. वैमानिक एकटाच, मांडीवर घडी घातलेला नकाशा. चांदण्यात सगळ्यात ठळक दिसतं ते पाणी, म्हणून किनारा ओलांडला की लुआर नदीचं वळण शोधायचं आणि तिथून हिशोब मांडायचा. पौर्णिमेच्या रात्री चिचेस्टरच्या खाडीकाठी उभे राहिलात तर पाणी आणि जमीन यांतला हा फरक डोळ्यांनी पटेल.

मोकळं मैदान दिसलं की शेतात विमान उतरवण्यासाठी आखत ती धावपट्टी पावलांनी मोजून बघा. काठ्यांना बांधलेले तीन टॉर्च. पहिला, जिथे चाकं टेकायची तिथे. दुसरा, वारा येतो त्या दिशेने 150 मीटर पुढे. तिसरा दुसऱ्याच्या उजवीकडे 50 मीटर. माणसं पहिल्या टॉर्चच्या डावीकडे उभी. विमान पहिल्यापाशी टेकणार, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधून उजवीकडे वळणार, परत पहिल्यापाशी येऊन वाऱ्याकडे तोंड करणार. खालून मोर्समध्ये ठरलेलं अक्षर आलं नाही तर उतरायचंच नाही. दीडशे मीटर चालल्यावर कळतं, जागा किती थोडी आहे.

काय बिघडे? सगळ्यात जास्त चिखल आणि धुकं. मोठं हडसन विमान, दहाएक माणसं नेणारं, फेब्रुवारी 1944 मध्ये फ्रान्समधल्या ब्लेतराँजवळ रुतलं. गावकऱ्यांनी बैल-घोडे जुंपून ते दोन तासांहून अधिक खटपटीने काढलं. त्यात परतीला फ्रेंच प्रतिकार चळवळीतली ल्यूसी ओब्राक होती, दिवस भरत आलेली. थोड्याच दिवसांनी लंडनमध्ये ती बाळंत झाली. धुक्याने मात्र इतकी दया दाखवली नाही. 16-17 डिसेंबर 1943 च्या रात्री फ्रान्सहून परतलेली दोन लायसँडर टँगमीरच्या परिसरात उतरू पाहताना कोसळली आणि दोन्ही वैमानिक गेले. काम फत्ते करून, घराच्या इतक्या जवळ.

या भागात धुकं आजही अचानक उतरतं. शरद-हिवाळ्यात परतीची गाडी शेवटची धरू नका, एक आधीची धरा.