ठिपके
पावसाळ्यात आमच्या खानापूरच्या लॅबमध्ये ताप म्हटलं की डेंग्यू, आणि डेंग्यू म्हटलं की पपईच्या पानांचा रस! पण नंदगडकडच्या त्या पोराला ताप नव्हताच. सर्दी होऊन गेलेली आणि आता नडगीवर मोहरीएवढे लाल ठिपके, दाबले तरी फिके पडेनात. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट मशीन म्हणालं 12 हजार. हव्यात दीड लाखाच्या वर. जांभळ्या टोपणाच्या नळीत कधीकधी प्लेटलेट नुसत्याच एकमेकींना चिकटतात नि आकडा खोटा पडतो, म्हणून रक्ताची काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. गुठळ्या नव्हत्या. मोजक्याच प्लेटलेट, पण मोठाल्या, म्हणजे ताज्या. बनतायत, पण टिकत नाहीत.

विषाणूशी लढायला बनलेल्या अँटिबॉडी कधी आपल्याच प्लेटलेटना चिकटतात, मग पाणथरी (प्लीहा) त्यांना गिळते. या आजाराला आयटीपी म्हणतात. हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं तर अशा रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट कोसळल्या. 1951 साली त्यानं हे छापलं. धाडस की येडेपणा, तुम्हीच ठरवा.

आजी विचारत होती, "रगत चढवाय लागंल काय रं बाळा?" म्हटलं, "आज्जी, बाहेरनं दिलेल्या प्लेटलेटपण तशाच जातात. बेळगावला डॉक्टरांना दाखवा." लहान मुलांत बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत हे आपोआप निवळतं. तोवर झाडावर चढणं बंद, आणि मनानं अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन तर नकोच.