तुम्ही विचारलंत म्हणून: सत्तावन्नाव्या वर्षी ऑपेरा का सोडायचा?

"आपल्याकडे ऐंशीच्या घरातले गवई मैफल गाजवतात आणि तुमच्या त्या ऑपेरावाल्या साठीच्या आत निवृत्त होतात. आवाज शाबूत असताना?" मुंबईत एनसीपीएमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे, म्हणजे 'मेट'चे, प्रयोग पडद्यावर दाखवतात. तिथून बाहेर पडताना, किंवा आमच्या गाण्यातल्या मंडळींत विषय निघाला की हा प्रश्न मला हटकून येतो. त्यात बहुतेक वेळा लिऑन्टीन प्राइस या अमेरिकी गायिकेचं नाव असतं, कारण तिच्याबद्दल मीच सगळ्यांना सांगत सुटलेलो असतो. ३ जानेवारी १९८५ला तिने मेटमध्ये 'आईदा' गाऊन ऑपेराचा निरोप घेतला. तेव्हा ती ५७ वर्षांची होती.

विचारणाऱ्याच्या मनात किशोरीताई आमोणकर असतात. २०१७च्या मार्चअखेरीस त्या दिल्लीत गायल्या आणि त्यानंतर आठवडाभराने गेल्या. वय ऐंशीच्या पुढे. तुलना साहजिकच आहे. पण आपला गवई मैफलीला बसतो तेव्हा तानपुरा त्याच्या पट्टीत लागतो. वयाप्रमाणे पट्टी अर्ध्या-पाऊण स्वराने खाली आली तर कुणी नाक मुरडत नाही. आज कोणता राग, तार सप्तकात किती वेळ जायचं, तान किती घ्यायची, हे तो त्या दिवशीच्या गळ्याला विचारून ठरवतो. श्वास पुरेना तर सारंगी किंवा पेटी भरून काढते, शिष्य मागे असतातच. शिवाय हल्ली समोर माइक असतो.

सोप्रानोला, म्हणजे सर्वांत उंच आवाजाच्या गायिकेला, यातलं काही नाही. 'आईदा'चा संगीतकार व्हेर्दी याने १८७१मध्ये जो स्वर लिहिला तोच गायचा, त्याच शब्दावर, त्याच क्षणी. एखादं गाणं कधीमधी अर्धा स्वर उतरवून घेतात, पण आख्खा अंक कोण उतरवणार? सत्तर-ऐंशी वादकांचा ताफा, कोरस, सहगायक, सगळे त्या लिहिलेल्या पट्टीला बांधलेले. आणि माइक नाही. मेटच्या सभागृहात सुमारे ३,८०० माणसं बसतात. त्यांतल्या शेवटच्या रांगेपर्यंत हा आवाज वाद्यवृंदाच्या वरून जायला हवा.

तो जातो कसा, हे मला फार मोलाचं वाटतं. सोप्रानोचा वरचा 'सी' म्हणजे स्वरतंतू सेकंदाला हजाराहून जास्त वेळा मिटतात आणि उघडतात. एवढ्या वर नुसता जोर लावून भागत नाही. गायिका जबडा उघडते, जीभ आणि ओठ बदलते, आणि तोंडाच्या पोकळीचा अनुनाद त्या स्वराच्या बरोबरीला आणते. तो जुळला की तेवढ्याच श्वासात आवाज कितीतरी मोठा होतो. म्हणून तिथे इ, उ, ए सगळे 'आ'कडे झुकतात. "शब्द कळत नाहीत, नुसत्या किंचाळतात" असं म्हणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: त्या जागी शब्द कळला तर स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोचणार नाही. हे सगळं पोट, बरगड्या, पाठ यांच्या स्नायूंवर उभं असतं, आणि स्नायू वयाला बांधलेले आहेत.

त्यामुळे या धंद्यात कारकीर्द टिकते ती नकारांवर. कोणती भूमिका, कोणत्या वयात, किती अंतराने, आणि कशाला नाही म्हणायचं. प्राइसच्या बाबतीत हे लख्ख दिसतं.

ती १९२७ची, मिसिसिपीतल्या लॉरेल गावची. वडील लाकडाच्या गिरणीत कामाला, आई सुईण आणि चर्चच्या कॉयरमधली गायिका. कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या शेजारी बसता येत नव्हतं तो हा प्रदेश. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतशाळेत फ्लॉरेन्स पेज किंबॉल या बाईंकडे ती शिकली, आणि त्यांची एक शिकवण तिने जन्मभर सांगितली: व्याजावर गा, मुद्दलाला हात लावू नकोस. १९५५मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीने दूरचित्रवाणीवर 'टोस्का' हा ऑपेरा केला, त्यात ती नायिका होती. दक्षिणेतल्या काही केंद्रांनी तो दाखवायचंच नाकारलं. त्याच वर्षी मॅरियन अँडरसन मेटच्या रंगमंचावर गाणारी पहिली कृष्णवर्णीय गायिका ठरली, तेव्हा तिचं वय ५७ होतं. उत्तम वर्षं दाराबाहेर गेली. हे आठवलं की मला अजून संताप येतो.

प्राइसला मेटचं बोलावणं आधी आलं ते 'आईदा'साठीच. आईदा म्हणजे इजिप्तमध्ये गुलाम म्हणून राबणारी इथिओपियाची राजकन्या. एनबीसी ऑपेराचे पीटर हर्मन अ‍ॅडलर यांनी सल्ला दिला की मेटमध्ये पहिलं पाऊल टाकायचं ते दासी म्हणून नव्हे. तिने नाही म्हटलं. केवढी छाती लागली असेल याला! मधल्या काळात व्हिएन्नात वाद्यवृंदाचा संचालक कारायान याच्या हाताखाली, मग मिलानच्या ला स्कालात ती आईदाच गायली, आणि २७ जानेवारी १९६१ला मेटमध्ये आली ती 'इल त्रोवातोरे'मधली सरदारघराण्यातली लिओनोरा होऊन. अखेरीला टाळ्या चाळीसेक मिनिटं थांबल्या नाहीत असं तेव्हाचे वृत्तान्त सांगतात.

पुढे मुद्दलाला हात लागलाच. त्या पहिल्याच हंगामात ती पाच वेगवेगळ्या भूमिका गायली. ऑक्टोबरमध्ये नव्या हंगामाचं उद्घाटन तिच्यावर सोपवलं गेलं, पुच्चिनीच्या 'ला फानचुल्ला देल वेस्त'ने. ही भूमिका जड वाद्यवृंदावर सतत मात करायला लावणारी. दुसऱ्याच प्रयोगात आवाज बसत गेला, दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती ओळी गाण्याऐवजी ओरडून म्हणत होती, आणि उरलेला प्रयोग डोरोथी कर्स्टनला बोलावून पुरा करावा लागला. विषाणूसंसर्ग झाला असं जाहीर झालं. त्या हंगामात पुढेही तिला प्रयोग रद्द करून रोममध्ये विश्रांतीला जावं लागलं. ताणाने आलेला मानसिक थकवा होता, हे तिने नंतर स्वतः सांगितलं. तेव्हा ती अवघी ३४ वर्षांची होती. ऑपेराच्या जगात प्रयोग रद्द केला की सहसा त्या रात्रीचं मानधनही जातं, म्हणून अंगात ताप असताना गाणारे काही कमी नाहीत. थांबणं परवडायला आधी नाव लागतं.

सत्तरच्या दशकात तिने ऑपेराचे प्रयोग कमी केले आणि पियानोसोबतच्या गायनाचे कार्यक्रम वाढवले. नवी भूमिका क्वचितच घेतली. लोक कुरकुरले. पण ते केलं नसतं तर १९८५ची संध्याकाळ आपल्याला मिळालीच नसती.

त्या प्रयोगाचं चित्रीकरण आहे, ते जरूर पाहा. तिसरा अंक, नाईलचा काठ, रात्र. मायदेश पुन्हा दिसणार नाही म्हणून आईदा गाते. शेवटाकडे स्वर हळूहळू चढत वरच्या 'सी'वर जातो आणि तिथे व्हेर्दीने 'दोल्चे' लिहिलंय, म्हणजे गोड, हळुवार. जोरात घेतला तर हा स्वर बऱ्याच जणींना साधतो. हळू घ्यायचा तर श्वास आतून धरून ठेवावा लागतो, आणि तिसऱ्या अंकापर्यंत श्वास दमलेला असतो. प्राइसचा मधला आवाज तोवर थोडा धुरकट झाला होता, खालचे स्वर जाड लागतात. कान असणाऱ्याला ते कळतं. वर मात्र ती तशीच झळाळते. गाणं संपल्यावर टाळ्या कितीतरी वेळ चालतात. ती भूमिका सोडत नाही, वाकून नमस्कार करत नाही, पण चेहरा आवरताना तिला किती कष्ट पडतात ते कॅमेऱ्याने टिपलंय.

म्हणजे आवाज शाबूत असताना सोडलं हे खरंच. पण ५७व्या वर्षी तिने सोडला तो ऑपेरा, गाणं नव्हे. पियानोबरोबर गाताना गाणी आपण निवडायची, क्रम आपण लावायचा, पट्टी हवी तशी घ्यायची, वर जायचं तर किती तेही आपणच बघायचं. आपल्या गवयाला जे आयतं मिळतं ते तिने असं मिळवलं आणि १९९७पर्यंत नेमाने गायली. त्यानंतर २००१मध्ये, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यातल्या मृतांच्या स्मरणार्थ कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम झाला, तेव्हा ७४ वर्षांची प्राइस पुन्हा उभी राहिली. एक चर्चगीत तिने म्हटलं, आणि त्यापाठच्या देशभक्तिगीताच्या शेवटी वरचा बी-फ्लॅट हा उंच स्वर सहज घेतला.