भिलारच्या बागेतली सदाहरित झाडं: पावसाळ्यानंतरची नोंद

महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरच्या भिलार गावात मामांची जागा आहे, तिथे जूनमध्ये लावलेली रोपं पावसाळा काढून उभी आहेत. जांभळाला नवी तांबूस पालवी आहे, करवंदं बांधावर रुजली, अंजनी जिथल्या तिथे आहे. पिसा या रानझाडाची रोपं अजून ठाण्यातच, माझ्या बाल्कनीत.

डोंगरावरची बाग म्हटलं की पहिला प्रश्न येतो, थंडी सोसेल का? महाबळेश्वरच्या पठारावर माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, त्याचे फोटो पेपरात येतात, पण त्या मोजक्या पहाटा. खरी कसोटी फेब्रुवारी ते मे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत, आणि पाचगणीकडे सरकावं तसा तो झपाट्याने कमी होतो. नंतर जांभ्याच्या जमिनीतून पाणी निघून जातं आणि पठारावरचा कोरडा वारा सुरू होतो. पानझडी झाड पानं टाकून मोकळं होतं. सदाहरित झाडाला मात्र तेव्हाही अंगावरचं प्रत्येक पान पोसायचं असतं.

म्हणून रोप निवडताना मी आधी पान हातात घेते. अंजनीचं पान दुमडून बघा. जाड, चिवट, वरून तुकतुकीत, शिरा जेमतेम दिसतात. असं पान पाणी सहजी सोडत नाही. आणि हेच झाड उन्हाळ्याच्या तोंडावर जुन्या फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके काढतं, अगदी लाकडाला चिकटून. माथेरानला ज्यांनी हा बहर पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. वाढ संथ आहे, लाकूड कठीण आहे. घाई असणाऱ्याने अंजनीच्या वाटेला जाऊ नये.

मामांना घाई आहे. ‘अगं, सिल्व्हर ओक लाव, बघता बघता सावली देईल,’ असं ते दर वेळी म्हणतात. पाचगणीत ते झाड पावलोपावली आहे, देखणंही आहे, पण आहे ऑस्ट्रेलियाचं. महाबळेश्वरचं मूळ रान अंजनी, जांभूळ आणि पिसा या त्रिकुटाचं. मी त्यांना त्यांच्याच मधपेट्या दाखवल्या. ‘मामा, तुमच्या सातेरी मधमाश्यांना जांभळाचा फुलोरा हवाय ना?’ जांभळाच्या मधाचं नाव निघाल्यावर ते तयार झाले. एका कोपऱ्यात सिल्व्हर ओक राहील, एवढी तडजोड झाली.

जांभळाचं बी मात्र डोंगरावरचंच घेतलं. ठाण्याच्या बाजारात पालघरकडच्या बहाडोलीची टपोरी जांभळं मिळतात आणि खायला त्यांना तोड नाही, पण ती सखल, उष्ण पट्ट्यातली. भिलारच्या वाऱ्यासाठी तिथल्याच बांधावरच्या जुन्या झाडाचं बी मला जास्त भरवशाचं वाटतं. जांभळाचं बी वाळवून ठेवायचं नसतं. गर धुऊन लगेच पेरायचं. एकाच बीतून दोन-तीन कोंब आले तर दचकू नका, जांभळाची ती रीतच आहे. सशक्त कोंब ठेवायचा, बाकीचे कापायचे. उपटले तर ठेवलेल्याची मुळं दुखावतात.

रोपं ठाण्यात वाढवायची तर पिशवी उंच घ्या. बुटक्या पिशवीत सोटमूळ तळाशी गोल फिरतं, आणि असं रोप पहिल्याच उन्हाळ्यात माना टाकतं. इथल्या दमट हवेतली पानं कोवळी राहतात, म्हणून लावणी पावसाच्या सुरुवातीलाच करायची. मग वाऱ्याला तोंड देण्याआधी झाडाला वरच्या हवेत नवी पानं काढायला सवड मिळते.

या महिन्यातलं काम आच्छादनाचं. आळ्यात पालापाचोळ्याचा वीतभर थर, खोडापासून चार बोटं दूर. पश्चिमेच्या बाजूला करवंदाची जाळी दाट होईपर्यंत गोणपाटाचा आडोसा. अंजनीला फेब्रुवारीपासून आठवड्याला एकदा भरपूर पाणी. रोजचं थोडं थोडं दिलं तर मुळं वरच रेंगाळतात.

अडलंय ते पिसा या झाडाशी. त्याच्या कोवळ्या पानांवरची तांबूस लव आणि ती खाली लोंबण्याची ढब पाहिली की हे झाड बागेत हवंच असं वाटतं. पण बी फार लवकर मरतं, त्यामुळे हाती रोपं मोजकी आली. कुणाच्या खासगी जागेत पिसाचं फळ धरणारं झाड असेल तर कळवा. ताजं बी न्यायला मी स्वतः येईन, बदल्यात जांभळाची रोपं देईन.